मागची तिसरी सीट

१

रविवारी सकाळी नऊ वाजता मी जीपवरची ताडपत्री काढायचो आणि जेवायची हाक येईपर्यंत तिच्यातच असायचो. बाकीचे सहा दिवस माजिवड्याच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात दुसऱ्यांच्या बाल्कन्यांना ग्रिल बसवण्यात जायचे. रविवार मात्र माझा. माझी बायको नीला म्हणायची, "अहो, सवत आणली असती तर तिने निदान भांडी तरी घासली असती." नीला शिवणकाम करते. कल्याणजवळ मोहन्याच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत तिचं मशीन, आणि बाहेर पत्र्याच्या शेडखाली माझी जीप.

जीप जुनी होती, पण फोर-बाय-फोर. शहाडला नदीकडच्या बाजूला काळुरामशेठ राहतात, त्यांच्या अंगणात ती कैक वर्षं उभी होती. माझ्याआधी चार-पाच जण बघून गेलेले, पण शेठनी कोणालाच दिली नव्हती. मला त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या.

"काम क करतोस?"

"फिटर आहे. वेल्डिंग, फॅब्रिकेशन, सगळं."

"पोरंबालं?"

"एक मुलगी आहे. अमृता. आठ वर्षांची."

ते आत गेले आणि चावी घेऊन आले. मला वाटलं, माणसाला हातातली कला कळते. मी भलताच खूश झालो होतो.

जीपचा मागचा भाग रिकामा होता. दोन्ही बाजूंचे बाक काढून तिथे नुसता पत्रा मारलेला. "मांगं सीटा नाय," शेठ म्हणाले, "मीच काडल्यान. भाजीचे क्रेट न्याला बरा परतं." मला तर ते सोयीचंच वाटलं. बाजारात मिळणाऱ्या ॲक्सेसरीज मला बघवत नाहीत. चकचकीत असतात आणि पहिल्या खड्ड्यात खुळखुळायला लागतात. मी ठरवलं, या गाडीला जे लागेल ते मी माझ्या हाताने बनवणार. टपावरचा कॅरियर चौरस पाइपचा केला. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून चढायला खाली एक जादा पायरी लावली. बंपरला लिंबू-मिरची बांधली नाही. आमच्या घरात ते चालत नाही. बाबांनी बुद्धवंदना म्हटली, अमूने बोनेटवर एक मोगऱ्याचं फूल ठेवलं, झाली गाडीची पूजा.

मग मागच्या सीट करायला घेतल्या.

२

माझे बाबा, बाबुराव, इथल्या जुन्या रेयॉन कंपनीत मेंटेनन्सला होते. लोखंड कापायच्या आधी पुठ्ठा कापायचा, हे त्यांनी मला शिकवलं. म्हणजे माणसाला बसवायचं, गुडघ्याखालची उंची, खांदा, डोकं, हात कुठवर पोचतो, सगळं पुठ्ठ्यावर मार्करने मारायचं, पुठ्ठा कापायचा, त्याच्यावर त्या माणसाच्या नावाचं अक्षर टाकायचं. हा झाला फर्मा. मग डोळ्यांना काहीही वाटो, फर्म्याप्रमाणेच काम करायचं. "फर्म्याशी वाद घालायचा नाही," बाबा म्हणायचे. "फर्मा आहे म्हणजे माप घेतलंय. माप घेतलंय म्हणजे माणूस आहे."

मागे बसणार दोघं, बाबा आणि अमू. एका रविवारी मी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून दोघांची मापं घेतली. अमूचा खांदा सीटपासून सोळा इंच. बाबांच्या फर्म्यावर 'बा' लिहिलं, अमूच्यावर 'अ'. ते माप घेताना ती इतकी हसत होती की दोनदा रेघ वाकडी गेली.

धरायच्या दांड्यांसाठी माझी एक खास युक्ती होती. दांडीवर एपॉक्सीची लांबी, म्हणजे पुट्टी, लावायची, ती ओली असताना कणकेसारखी मऊ असते आणि तासाभराने दगड होते. ओली असतानाच ज्याची दांडी त्याने मूठ आवळायची. बोटांचे खळगे उमटतात, आणि मग ती मूठ जगात फक्त त्याच एका हाताला बसते. अमूची मूठ तर कोणीही ओळखावी. चार वर्षांची असताना तिची उजवी करंगळी दारात सापडली होती, ती तेव्हापासून बाहेरच्या बाजूला वाकडी आहे. दांडीवर तीन खळगे सरळ आणि चौथा तिरका, असा ठसा उमटला.

पुढच्या रविवारी फर्मे काढले तर तीन होते.

तिसरा त्याच खोक्याचा पुठ्ठा. माझ्याच ब्लेडने कापलेला. आकडे माझ्याच हातचे. मी साताच्या पोटात एक आडवी रेघ मारतो, ती सुद्धा होती. खांदा साडेचौदा इंच. लहान मुलाचं माप, पण अमूपेक्षा दीड इंच कमी. अक्षर लिहायची जागा मात्र कोरी होती.

मी अमूला विचारलं, "काय गं, मी तुझं माप दोनदा घेतलेलं का?"

"नाही पप्पा. एकदाच."

"मग दुसरी कोण बसलेली?"

"मला काय माहीत? तुम्हीच घेतलं ना माप?"

ते खरंच होतं. शेजारची पोरं रविवारी जीपभोवती माश्यांसारखी असतात, त्यातलंच कोणीतरी चढून बसलं असेल आणि मी कामाच्या नादात त्याचंही माप घेतलं असेल. दुकानात मी कधी कधी एकच ग्रिल दोनदा मोजतो. डोकं एकीकडे आणि हात एकीकडे, असं होतं माझं.

आता कोणी म्हणेल, पुठ्ठा फाडून टाकायचा होता. पण डाव्या बाजूला अमूच्या शेजारी, मागच्या दाराजवळ, एका सीटपुरती जागा होती. पाइप उरला होता. आणि फर्मा हातात तयार असताना काम न करणं माझ्या हाताला जमत नाही. अमूची कोणी मैत्रीण बसेल, असं मी स्वतःला सांगितलं.

ती जागा मी केली. दुसऱ्या कोणी नाही.

३

तिन्ही सीट मी मिटणाऱ्या केल्या, थिएटरात असतात तशा. खाली स्प्रिंग. माणूस बसला की खाली, उठला की खट् करून वर. तो खट् आवाज मला फार आवडायचा. उजव्या बाजूला बाबांची, त्यांच्या समोर डाव्या बाजूला अमूची, तिच्या शेजारी दाराकडे तिसरी. तिन्हींना पट्टे, तिन्हींना दांड्या. तिसऱ्या दांडीवर नुसतीच लांबी लावून ठेवली होती. ती वाळली की कानशीने गोल करणार होतो.

जेवून आलो तर तिच्यावर मूठ उमटलेली होती.

चार बोटं, लहान, खोल. चारही सरळ.

मी अमूला हाक मारायला तोंड उघडलं आणि थांबलो. अमूने केलं असतं तर करंगळी तिरकी आली असती. ती तेव्हा आत नीलाच्या मशीनखाली बसून रंगीत बटणं वेगळी करत होती आणि जेवायला माझ्या शेजारीच होती. शेडमध्ये कोणी आलं असतं तर बाबांना दिसलं असतं. ते दारात खुर्ची टाकून पेपर वाचत होते.

"बाबा, कोणी आलेलं का?"

"नाही रे." बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "का?"

"काही नाही."

मी माझी बोटं त्या खळग्यांत घालून पाहिली. अर्थात बसली नाहीत. लांबी दगडासारखी वाळली होती, पण आतून कोमट लागत होती. ती वाळताना गरम होतेच, हे मला माहीत आहे. तरीही मी हात पटकन काढून घेतला आणि पँटला पुसला.

त्या आठवड्यात मी कामावरून आलो की आधी शेडमध्ये डोकवायचो. बाबांची सीट वर. अमूची वर. तिसरी खाली.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, स्प्रिंग ढिली. घट्ट केली, खट् करून वर गेली. दुसऱ्या दिवशी खाली. बिजागरीला ऑइल दिलं. तिसऱ्या दिवशी खाली. मग मी चिडलो. लोखंड माझं ऐकत नाही असं वीस वर्षांत झालं नव्हतं. रविवारी मी वाळूची पिशवी घेऊन त्या सीटवर थोडी थोडी वाळू टाकत गेलो. किती वजनाला ती खाली राहते ते बघायचं होतं. दहा किलोला नाही, पंधराला नाही. एकवीस किलोला राहिली.

अमूचं वजन तेवीस होतं. तिच्यापेक्षा थोडी बारीक मुलगी, असं एक वाक्य माझ्या डोक्यात आपोआप तयार झालं आणि मला घाम फुटला. दुपारी चार वाजता, उघड्या शेडमध्ये, शेजारच्या घरी टीव्ही चालू असताना.

सीट काढून टाकायला मी पाना हातात घेतला होता. खरं सांगतो, घेतला होता. पण मग वाटलं, काय सांगू लोकांना? रवींद्र फिटर स्प्रिंगला घाबरला? बाबांनी आयुष्यभर चाळीतल्या लोकांना भगत-मांत्रिकांच्या नादाला लागू नका म्हणून सांगितलं, आणि त्यांचा मुलगा एका सीटसमोर हात जोडून उभा राहणार? मी पाना खाली ठेवला. आजवरचा माझा सगळ्यात मोठा मूर्खपणा तो.

४

फेब्रुवारीत आम्ही नीलाच्या माहेरी निघालो, मुरबाडच्या पुढे. शेवटचा रस्ता कच्चा आणि मध्ये एक ओढा. म्हणून तर फोर-बाय-फोर घेतलेली. सकाळी दहाला निघालो. नीला पुढे, बाबा आणि अमू मागे. मागची माणसं दिसावीत म्हणून मी डोक्यावर एक गोल आरसा लावला होता, तोही घरीच बनवलेला.

म्हारळ, कांबा, वरप, मग मुरबाडही मागे गेलं. ऊन छान होतं. नीला माहेरच्या गोष्टी सांगत होती, मी मधून मधून "हं" करत होतो. आरशात बाबांची मान खाली पडलेली दिसली, त्यांना डुलकी लागली होती. त्यांच्यासमोर अमू खिडकीतून बाहेर बघत होती. वाकडी करंगळी दांडीवर नीट बसलेली.

तिच्या शेजारची सीट खाली होती. सीटचा पट्टा लावलेला होता.

लावलेला म्हणजे नुसता खोचलेला नाही. पट्टा रिकाम्या सीटवर पुढे ताणून उभा होता, छातीवरून जातो तसा. गाडी खड्ड्यात गेली तेव्हा तो पुढे झुकला आणि पुन्हा मागे टेकला.

मला ब्रेक दाबायचा होता, पण समोर ओढा आला होता आणि चाक उतारावर होतं. मी लिव्हर ओढून फोर-बाय-फोर घातलं. पाणी घोट्याएवढंच, पण दगड मोठे. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरायला लागलं. दहा-बारा सेकंद मी आरशात पाहिलं नाही. फक्त ऐकलं.

खट्. आणि लगेच दुसरं खट्.

पलीकडे चढल्यावर पाहिलं. अमू मागच्या दाराजवळच्या सीटवर बसली होती, पट्टा लावून, हात मांडीवर. तिची स्वतःची सीट खाली होती. रिकामी. तिचा पट्टा पुढे ताणलेला होता.

"अमू!" माझा आवाज चिरकला. "चालू गाडीत जागा का बदललीस?"

"इथून पाणी दिसतं, पप्पा."

"अहो, ओरडता कशाला पोरीवर?" नीला म्हणाली.

बाबा जागे झाले होते. ते समोर बघत होते. अमूकडे नाही, अमूच्या सीटकडे. त्यांचा हात थोडा पुढे आला होता, पडणाऱ्या मुलाला सावरायला येतो तसा, आणि तसाच हवेत राहिला होता.

सासरवाडीच्या अंगणात गाडी थांबवली. अमूने पट्टा काढला आणि उडी मारून उतरली. तिसरी सीट खट् करून वर गेली. अमूची गेली नाही.

५

त्या दुपारी नीलाच्या आईने सुकट केली होती. अमूला सुकटीचा वास सहन व्हायचा नाही. घरी केली की ती नाक धरून बाहेर पळायची. त्या दिवशी तिने दोनदा मागून घेतली. सगळे कौतुक करायला लागले. मी हात धुऊन बाहेर गेलो.

घरी आल्यावर सगळं ठीक चाललं होतं, आणि तेच मला असह्य होत होतं. मुलगी गुणी होती. अभ्यासाला सांगावं लागत नव्हतं. चेहरा तोच, आवाज तोच, गालावरचा तीळ तोच. फक्त हसायची कमी. आणि बाबा तिला हाक मारत नव्हते. आधी दिवसाला शंभर वेळा 'अमुडे' चालायचं. आता ती जवळ आली की ते पेपर उघडायचे.

दोन रविवार मी धीर गोळा करण्यात घालवले. तिसऱ्या रविवारी नीला बाजारात गेली तेव्हा मी 'अ' लिहिलेला पुठ्ठा काढला आणि मुलीला स्टुलावर बसवलं.

खांदा दीड इंच खाली आला.

मी पुन्हा मोजलं. मग कोरा पुठ्ठा घेतला, तिच्या पाठीला लावला. बसला. गुडघा, कोपर, डोकं, सगळं तंतोतंत. माझ्या आयुष्यात कुठलं काम इतकं फिट बसलं नसेल. ती अजिबात हलली नाही. मान वर करून माझ्याकडे बघत होती.

"बरोबर आलं का, पप्पा?"

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तिचा उजवा हात मांडीवर होता. करंगळी सरळ होती.

कल्याणच्या एका डॉक्टरांना मी सहज विचारल्यासारखं विचारलं. लहानपणी हाड कधी कधी आपोआप सरळ होतं, असं ते म्हणाले. मी ते वाक्य घरी येईपर्यंत जपून आणलं. पुढच्या खोलीत नीला मशीनवर बसली होती, मांडीवर शाळेचा पिनाफोर. खांदे उसवून ती आत घेत होती. बाजूला तिची मापांची वही उघडी. त्यात अमूचं माप खोडून शेजारी नवीन लिहिलेलं.

"काय करतेस?"

"सैल होतो तिला."

"मुलं वाढतात नीला. आखडत नाहीत."

तिने दोरा दाताने तोडला.

"मला टेप वाचता येते," ती हळू म्हणाली. "तुमच्याआधी कळलंय मला. पहिल्याच दिवशी, आंघोळ घालताना. पण ती झोपताना माझा पदर मुठीत धरते हो. काय करू? घराबाहेर काढू?"

मग तिने पिनाफोर तोंडावर धरला आणि रडली. मी पण रडलो. आतल्या खोलीत मुलगी पाढे म्हणत होती, न चुकता.

६

मी शहाडला गेलो. काळुरामशेठ ओटीवर बसले होते. मला बघितल्यावर त्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि परत बसले.

"क रं रवी. गारी कशी चालते?"

"शेठ, गाडी परत घ्या. काही नको मला. फुकट घ्या."

"सीटा केल्यास?" त्यांनी खाली बघत विचारलं.

"केल्या. तीन."

घरातून एक तरुण मुलगी चहा घेऊन आली. त्यांची मुलगी, कल्पिता, पंचविशीची असेल, बँकेत नोकरीला. हसून कप माझ्या हातात दिला. दुसरा कप तिने शेठपुढे धरला, पण त्यांनी तो तिच्या हातातून घेतला नाही. ती खाली ठेवून गेली तेव्हा उचलला. इतक्या वर्षांची सवय दिसली ती.

मी नजर वळवली आणि दाराची चौकट दिसली. लाकडावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या, मुलांची उंची मोजून मारतात तशा. प्रत्येकीपुढे साल. रेघा एकावर एक वर चढत गेलेल्या, आणि मग एक रेघ खाली. आधीच्यापेक्षा खाली. तिच्यानंतर पुन्हा वर. माझ्या डोळ्यांना टेप लागत नाही. दीड इंच.

शेठना कळलं मी काय बघतोय.

"मी तुला सीटा कर बोल्लो नवतो," ते म्हणाले.

"पोरंबाळं आहेत का, ते विचारलं होतं तुम्ही."

मी त्यांची गचांडी धरणार होतो. खरंच धरणार होतो. तेवढ्यात त्यांची बायको, सगुणाबाई, आतून आली. हातात एक छोटा स्टीलचा डबा होता. तिने तो माझ्या हातात कोंबला आणि माझा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"सुकटीची चटनी हाय," ती म्हणाली. "तिला आवरतं. जेवते ना रं ती नीट? झोपताना कोनाचा तरी पदर लागतं तिला. देतं ना तुझी बायको?"

मी हो म्हणालो.

"वाडव तिला, बाला," शेठ म्हणाले. "आमीबी वाडवली, ही. वाईट नसतान त्या."

परत येताना शहाडच्या पुलावर मी बाइक थांबवली. डबा नदीत फेकावा असं वाटलं. नाही फेकला. घरी नेऊन दिला. मुलीने झाकण उघडलं, वास घेतला, आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा मनापासून हसली.

७

ओढ्याच्या त्या फेरीला आता पाच महिने झाले. जीप मी चालवत नाही, पण रविवारचं काम बंद केलेलं नाही. अमूच्या सीटला फोम बदलून जाड लावला. डोक्यावर छोटा पंखा बसवला, बॅटरीवरचा. एक दिवा. पाय टेकायला फळी केली, कारण आठ वर्षांच्या मुलीचे पाय अधांतरी राहिले की दुखतात. लोक म्हणतात, उभ्या गाडीला एवढा खर्च कशाला? नीला काही म्हणत नाही. ती फक्त मोगऱ्याचं एक फूल देते, मी ते फळीवर ठेवतो.

सीट खालीच असते. तिरक्या करंगळीच्या खळग्यात बोट ठेवलं तर कोमट लागतं. शेडमध्ये ऊन येतं, त्याने असेल.

मी बोलतो तिच्याशी. शाळेचं सांगतो, आजोबांचं सांगतो. ती उत्तर देत नाही. पण स्प्रिंगचं मला कळतं. मी बोलायला लागलो की सीट किंचित कुरकुरते, माणूस बसल्या जागी वळतो तेव्हा कुरकुरते तशी. पाच महिने माझी मुलगी एका सीटवर पट्टा लावून बसली आहे, आणि मी तिला पंखा लावून देतो. बापाला याहून मोठी शिक्षा असेल तर मला माहीत नाही.

शेठांचा मी पुष्कळ दिवस राग केला. मग हळूहळू तो राग कमी होत गेला, आणि राग कमी होतोय याचीच मला भीती वाटायला लागली.

मागच्या आठवड्यात मी जीपचे फोटो फोर-बाय-फोरवाल्यांच्या ग्रुपवर टाकले. बरेच फोन आले. मी प्रत्येकाला एकच विचारलं आणि बहुतेकांना नको म्हटलं. डोंबिवलीचा राकेश म्हणून एक जण होता, त्याला घरच्या घरी गाडी सजवायचा भयंकर नाद.

"घरी मुलं?" मी विचारलं.

"एक मुलगी आहे. सात वर्षांची."

"तिलाही घेऊन या," मी म्हणालो. "तिच्या मापाची सीट करून देतो."

आज रविवार. ते सकाळी अकराला आले. राकेश बोनेट उघडून इंजिन बघायला लागला. त्याची मुलगी माझ्या पायरीवरून सरसर चढली आणि तिसरी सीट खाली ओढून बसली. पाय हलवत होती. निळा फ्रॉक, पुढचा एक दात पडलेला. "अंकल, ही कोणाची?" तिने शेजारच्या खाली असलेल्या सीटकडे बोट दाखवून विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आधी ती सीट हलली. एक बोटभर वर आली. बसलेलं माणूस उठण्यासाठी पुढे वाकतं तेव्हा येते तेवढी. आणि तशीच थांबली. वाट बघत.

दारात बाबा उभे होते. मला त्यांच्याकडे बघायचं नव्हतं, पण बघितलं.

"रवी," ते म्हणाले. "पोरीला उतरव."

त्यांनी असं दोनदा म्हटलं. मग ते आत गेले आणि आतून दार लावून घेतलं.

मी कोपऱ्यातून फ्रिजच्या खोक्याचा उरलेला पुठ्ठा काढला. मार्कर खिशातच होता.

"पाठ टेकून बस, बाळा," मी म्हणालो. "हलायचं नाही. नाव काय तुझं?"

"प्रियांका."

गुडघा, कोपर, खांदा. सगळी मापं मी नीट लिहिली. अक्षर लिहायची जागा कोरी ठेवली.